जावई म्हटले की...

बसा. चहाला अजून उकळी यायची आहे, तेवढ्यात माझी फजिती सांगून होईल. म्हणजे दुसऱ्या कुणी सांगितली तर होईल. मी सांगायला बसलो तर चहा उकळेल, गाळून होईल, पिऊन होईल, कप धुऊन पालथे पडतील आणि मी अजून सड्यावरच असेन. माझं बोलणंच तसलं. सावकाश.

आणि नशीब बघा! अशा माणसाच्या नावावर अख्ख्या इंटरनेटवर एक वाक्य फिरत होतं. कुणी आळस केला, कुणी आयतं मागितलं, की पोरं खाली लिहून मोकळी, ‘जावई आहेत, ताटात वाढल्याशिवाय हात लावणार नाहीत!’ मुंबईची पोरं लिहायची, पुण्याची लिहायची, दुबईत कामाला गेलेली लिहायची. आणि त्याच्या खाली, ‘रत्नागिरीचे समालोचक बापू यांचे अमर वाक्य.’

अहो, कसलं अमर? मी ते बोललोच नव्हतो!

मग काय बोललो होतो? तेच सांगतोय. जरा दम धरा.

साल दोन हजार सहा असेल, नाहीतर सात. माझा धंदा माईकचा. लग्न, सत्यनारायण, शिमगा, निवडणूक, काहीही असो, भोंगा माझा. शाळा सातवीपर्यंत. बोलायचं दुसऱ्यांनी आणि वायर जोडायची मी, असा सगळा जन्म गेला. माझं स्वतःचं भाषण म्हणजे ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’. तेही लोक म्हणायचे, बापूंचं दुसरं हॅलो येईपर्यंत पहिलं विसरायला होतं.

तर भातकापणी उरकली की आमच्याकडे सगळी पोरं सड्यावर जमतात. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं सपाट रान. तिथे टेनिस बॉलचे सामने. त्या वर्षी शेवटचा सामना आमची वाडी आणि मिरजोळ्याचा संघ यांच्यात लागला. आमच्या केबलवाल्यानं कॅमेरा आणला होता. रत्नागिरीत घरोघरी सामना दिसणार, आवाजासकट!

समालोचन करायचे एक मास्तर. काय त्यांची जीभ! नुसती धावायची. पण त्या दिवशी मास्तर गेले एका लग्नाला आणि तिथे जेवायलाच बसले. इकडे दोन्ही संघ उभे. मंडळाचा दिनेश धावत माझ्याकडे आला.

“बापू, बोला आता तुमीच.”

“मी?” 

“मग काय? माईक तुमचा, वायर तुमची, भोंगा तुमचा. मग तोंड काय भाड्यानं आणू?”

मी म्हटलं, “अरे दिनेश, मला... जमायचं... नाही.”

एवढं मी म्हणेपर्यंत एक षटक होऊन गेलं होतं!

हसू नका. पुढचं ऐका. ‘गोलंदाज धावत निघाला’ असं मी म्हणायचो, तेव्हा तो गोलंदाज चेंडू टाकून, मार खाऊन, परत आपल्या जागेवर पोचलेला असायचा. एकदा मी ‘फलंदाजानं बॅट उचलली’ म्हटलं. तो फलंदाज तेव्हा बाद होऊन झाडाखाली कोकमचं सरबत पीत होता. त्यानं माझ्याकडे बघून खरंच बॅट उचलून दाखवली. लोकांतून कुणीतरी ओरडलं, “बापू, ह्यो कालचा सामना सांगताव काय?”

डोळे पुढे आणि जीभ मागे, असा माझा प्रकार. पण लोकांना मजा येत होती. म्हणत होते, एका सामन्यात दोन बघायला मिळतायत, एक डोळ्यांनी आणि एक कानांनी.

आता माझ्या जावयांची ओळख करून देतो, कारण इथून पुढे सगळं त्यांच्यावर आहे. प्रकाशराव. मिरजोळ्याला घर, तिथल्याच कारखान्यात कामाला. गुणी माणूस. पान नाही, तंबाखू नाही, माझ्या सुजाताला फुलासारखी जपणारा. खोड एकच. मान! सासुरवाडीला आले की पाट कुठल्या बाजूला मांडलाय, पहिला तांब्या कुणाला दिला, हे न बघितल्यासारखं करून सगळं बघायचे. एकदा आमच्या हिनं चुकून त्यांच्या आधी माझ्या ताटात भात वाढला, तर मला म्हणाले, “मामा, तुम्ही जेवा सावकाश.” आणि स्वतः हात धुऊन मोकळे!

तेव्हा सुजाताला दिवस गेले होते. ठरलं होतं की ओटी भरली की तिला आमच्याकडे आणायची, पहिलं बाळंतपण आईच्या घरी. आमच्या हिनं जुन्या लुगड्यांची मऊ मऊ दुपटी शिवायला घेतली होती. मी माळ्यावरचा पाळणा उतरवला होता. एकुलती एक पोर हो. तिच्या लग्नानंतर घरात भोंगा लावला तरी सुनं वाटायचं.

तर हे प्रकाशराव त्या दिवशी मिरजोळ्याकडून खेळत होते. सीमारेषेजवळ उभे होते.

शेवटचं षटक. आमच्या वाडीला चौकार हवा. आमच्या गड्यानं चेंडू टोलवला तो थेट आभाळात! आणि खाली बरोबर प्रकाशराव. हातात येणारा झेल. लहान मूलसुद्धा घेईल असा.

माझी छाती फुगली. वाडी हरली तर हरू दे, जावई झेल घेतायत! मी माईक तोंडाला लावला आणि सुरू केलं, “चेंडू उंच गेलाय... उंच उंच गेलाय... आणि खाली कोण आहेत? खाली आमचे जावई! आणि जावई म्हटले की...”

खट्! वीज गेली.

भारनियमन! वीज तयार होते आमच्याच जिल्ह्यात, पोफळीला. आणि जाते पण पहिली आमच्याच जिल्ह्यातली. भोंगा बंद, केबल बंद. माझं तोंड मात्र चालू. मेलेल्या माईकमध्ये मी पुढचं बोलतच होतो, “...जावई म्हटले की चिंता नको, झेल घेतलाच समजा!”

हे ऐकलं कुणी? कुणी नाही. माझ्या शेजारी एक म्हैस बांधली होती, तिनं ऐकलं असेल तर तेवढंच.

आणि आता खरी गंमत. मी ‘चेंडू उंच गेलाय’ म्हणायला लागलो ना, त्याच्या आधीच तो चेंडू प्रकाशरावांच्या हातातून सुटून, छातीवर आपटून, रेषेबाहेर गेला होता! आमची वाडी नाचत होती! म्हणजे सगळ्या सड्याला काय दिसलं? झेल सुटलेला. जावई मान खाली घालून उभे. आणि वरून भोंग्यातून सासऱ्याचा आवाज, ‘खाली आमचे जावई! आणि जावई म्हटले की...’ 

पुढे चिडीचूप.

तुम्हीच सांगा, असं अर्धं वाक्य लोक अर्धं सोडतील? आणि पुरं करतील ते चांगलं करतील?

संध्याकाळी नाक्यावर चहा प्यायला गेलो तर टाळ्या. चहावाला म्हणाला, “बापू, काय बोललाव! जावई हायेत, ताटात वाढल्याबिगर हात लावणार न्हाईत! जोरात!”

“अरे, मी कुठे... असं... बोललो?”

“आता लाजताव कशाला? माझ्या मेव्हण्यानं केबलवर आयकलान.”

“केबल तर बंद पडली होती!”

“त्याच्या जरा आधी आयकलान.”

आता याला काय म्हणायचं? आणि मी मनाशी विचार केला, एवढं लांब वाक्य मी बोललो असतो तर तेवढ्यात पुढच्या वर्षीचे सामने आले असते! पण हे त्याला पटवायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तो चार गिऱ्हाइकांना तेच वाक्य सांगून आला.

दुसऱ्या दिवशी मासेबाजारात गेलो. मासेवाली काकू सुरमईवर पाणी मारत म्हणाली, “न्या न्या बापू, जावयाच्या ताटात वाढायला न्या!” आठवड्यात कुणी सांगत आला की मंडणगडच्या एसटीत कंडक्टर म्हणतो, “तिकिटाला हात पुढे करा, जावई हायेत काय, ताटात वाढू?” मंडणगड! जिल्ह्याचं पार वरचं टोक! तिकडे मला कुत्रं ओळखत नाही आणि माझं वाक्य एसटीनं फिरतंय.

मग दिनेशनं ते कुठेतरी इंटरनेटवर लिहिलं. कौतुकानं हो, वाईट मनात नव्हतं. मुंबईत आमच्या गावची पोरं, त्यांनी उचललं. तिथून कुठे कुठे गेलं. मी दिनेशला म्हटलं, “बाबा, खोडून टाक ते.”

“बापू, तिथं खोडत न्हाईत. तिथं नुसतं वाढतं.”

“मग माझं नाव तरी काढ.”

“नाव काडलं तर लोकं इचारतील, कोण बोल्ला? मग आनखी वाढंल.”

मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्यात आणि बोलण्यात तसा फार फरक नसतो म्हणा.

पण खरा घाव पुढे होता. सुजाताचा फोन आला. शेजाऱ्यांकडे फोन होता, तिथे मला बोलावलं.

“बापू,” ती म्हणाली, “यांच्या कारखान्यात यांना सगळे ‘ताटातले जावई’ म्हणतात. डबा उघडला की कुणीतरी येऊन वाढायला लागतं. साहेबांनीसुद्धा विचारलं.”

“पोरी, मी तसं... काही...”

“मला माहीत आहे हो. पण हे म्हणतात, ज्या घरानं माझं हसं केलं, त्या घरी बाळंतपणाला पाठवणार नाही. ओटी इथेच भरायची, बाळंतपण इथेच.” आणि मग हळू आवाजात, “बापू, मला यायचंय.”

मी ‘पोरी’ म्हणायला गेलो. तोंडात शब्द यायच्या आत फोन ठेवला तिनं. रडत असणार.

तेव्हापासून मला चैन पडेना. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जायचं कळेना. पाळण्याला एकदा निळा रंग दिला, तो खरवडला, हिरवा दिला, तोही बरा वाटेना. चांगला चालणारा भोंगा उगाच खोलून बसलो आणि मग तो जोडता येईना. ही म्हणाली, “अहो, घरात येरझारा घालून जमीन झिजेल. त्यापेक्षा मिरजोळ्याला जाऊन पाय धरा जावयाचे.”

“पाय कसे... धरू? मी सासरा.”

“मग हात धरा! पण चला!”

गेलो. सोबत नारळ, घरचे काजू आणि कोवळ्या फणसाची भाजी. विहीणबाई चांगल्या. त्यांनी पटकन पानं मांडली. त्यांनाही हे भांडण नको होतं. आम्ही जेवायला बसलो. प्रकाशराव समोर. सुजाता दाराआड.

विहीणबाईंनी पहिलं ताट वाढलं आणि प्रकाशरावांपुढे ठेवलं.

झालं! सगळे त्या ताटाकडे बघायला लागले. ताटात गरम भात, वरण, वर तुपाची धार. आणि प्रकाशरावांचा हात मांडीवर. हात लावावा तर ते वाक्य खरं ठरतं! न लावावा तर उपाशी!

“जेव रे बाबा,” विहीणबाई म्हणाल्या.

“मी घेतो वाढून माझं मी.” आणि उठून ते ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले, वाढलेला भात परत भांड्यात घातला आणि तोच भात स्वतःच्या हातानं ताटात वाढून घेऊन आले!

मी काही बोलायला नको होतं. नको होतं ना? पण जिव्हाळा हो! वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, “प्रकाशराव... आणखी वाढू का?”

ही मला चिमटा काढते तोवर शब्द बाहेर पडले होते. आयुष्यात कधी नाही ते एकदम पटकन बाहेर पडले! प्रकाशराव ताटावरून उठले. पडवीत जाऊन उभे राहिले.

मी मागोमाग गेलो. “अहो, मी बोललो नाही हो ते. वीज गेली. मला म्हणायचं होतं की झेल घेतलाच समजा.”

ते गर्रकन वळले. “झेल सुटल्यावर?”

“म्हणजे... माझी जीभ जरा मागे... होती.”

“मामा, म्हणजे झेल सोडून मी उभा आणि तुम्ही म्हणणार, घेतलाच समजा? याच्यापेक्षा ताटातलं बरं हो!”

बघा! खरं सांगितलं तर ते खोट्यापेक्षा वाईट!

शेवटी विहीणबाईंनीच तोड काढली. “बापू, तुमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घाला. देवासमोर, गावासमोर होऊन जाऊ दे, की तुम्ही तसं बोलला नाहीत. म्हणजे ह्याचाही मान राहील.”

प्रकाशरावांनी सदऱ्याची घडी नीट केली. मग म्हणाले, “सगळ्या गावासमोर?”

“सगळ्या गावासमोर,” मी म्हटलं.

“बरं. मग मी सुजाला घेऊन येतो.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. परत येताना सगळ्या वाटेनं मी हिला तेच सांगत होतो, “सुजाला घेऊन येतो म्हणाले.” ही म्हणाली, “कळलं. मीही तिथेच होते.”

गाऱ्हाणं म्हणजे काय, तुम्हाला माहीत असेल. कोकणात काहीही असो, लग्न, पेरणी, नवी गाडी, गुरव देवापुढे उभा राहून देवाला सगळं सांगतो. एकेक वाक्य झालं की तो थांबतो आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” आम्हाला हे चालायला लागल्यापासूनची सवय. गुरव काय बोलला ते कानात शिरायच्या आत तोंडातून ‘व्हय म्हाराजा’ निघतं. झोपेत समोर कुणी हात जोडून थांबला तरी निघेल.

हे सगळं मला माहीत होतं. पन्नास वर्षं ‘व्हय म्हाराजा’ म्हणत आलेला माणूस मी! मला तेव्हाच सुचायला नको होतं? नाही सुचलं. उलट मला काय सुचलं सांगू? सगळ्यांना नीट ऐकू जायला पाहिजे, जावयांचा मान मोठ्यानं परत मिळायला पाहिजे, म्हणून मी तो खोललेला भोंगा एकदाचा जोडला आणि देवळात माझा माईक लावला! नवी बॅटरी घालून! वीज गेली तरी आवाज जायचा नाही असा बंदोबस्त केला!

देवळात सगळा गाव जमला. केबलवाला कॅमेरा घेऊन हजर. पोरांच्या हातात ते नवीन फोन, कॅमेऱ्याचे. प्रकाशराव माझ्या शेजारी उभे, हात छातीशी बांधून, तोंड फुगवून. सुजाता पायरीवर बसलेली, एक हात पोटावर. आमच्यात गुरव सगळ्यात म्हातारे, दम्याचे. मी माईक त्यांच्या तोंडासमोर धरला.

देवाला आधी मामला सांगावा लागतो. मामला सांगितल्याशिवाय देवाला कळणार कसं? म्हणून गुरवांनी सुरुवातीपासून घेतलं.

“बा देवा म्हाराजा! आज तुज्या पायाशी ह्यो माईकवाला बापू हुबा हाय...”

“व्हय म्हाराजा!”

“हेचा जावई मिरजोल्याचा, त्येचा झेल सड्यावर सुटला...”

“व्हय म्हाराजा!”

“तवा ह्यो बापू माईकवर बोल्ला, की जावई हायेत, ताटात वाढल्याबिगर हात लावणार न्हाईत...”

आणि इथे गुरवांना दम लागला.

पुढे म्हणायचं होतं, ‘असं लोकं उगाच म्हनतात.’ पण दमा तो! थांबले. श्वास घ्यायला थांबले.

आणि सगळा गाव एका सुरात, “व्हय म्हाराजा!”

देवळाचं छत हललं असेल. आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? माझा! माईक माझ्याच हातात होता ना! अख्ख्या गावाला, पलीकडच्या वाडीला, खाली खाडीतल्या होड्यांना माझ्या स्वतःच्या तोंडून कबुली गेली.

पण मी गार पडलो ते त्यामुळे नाही. माझ्या शेजारून, छातीशी हात बांधलेल्या, तोंड फुगवलेल्या प्रकाशरावांच्या तोंडातून, खणखणीत, मान किंचित झुकवून निघालं होतं, “व्हय म्हाराजा!”

ते मिरजोळ्याचे असले तरी कोकणातलेच ना!

गुरवांनी धापा टाकत पुढचं म्हटलं, “असं... लोकं... उगाच... म्हनतात...” पण त्याला ओ द्यायला कुणी भानावर नव्हतं. प्रकाशराव माझ्याकडे बघतायत. मी त्यांच्याकडे बघतोय. वाटलं, झालं, पोर परत मिरजोळ्याला चालली. पाळणा परत माळ्यावर.

आणि पायरीवरून हसू आलं. सुजाताचं. आधी पदराआडून, मग तिला ते आवरेना. पोट धरून हसायला लागली. “अहो,” ती म्हणाली, “तुम्हीच व्हय म्हणालात हो! देवासमोर!”

“मी... मी कुठे...” प्रकाशराव म्हणाले. अगदी माझ्यासारखे बोलायला लागले!

“म्हणालात! मी ऐकलं. देवानं पण ऐकलं. सोडा आता.”

प्रकाशरावांनी राग धरून ठेवायची फार खटपट केली. ओठ दाबले. वर बघितलं. पण खांदे हलायला लागले. मग काय, सगळं देऊळ हसलं. विहीणबाई डोळे पुसत होत्या. गुरव तेवढे रागावलेले, कारण गाऱ्हाणं अर्धं राहिलं. ते त्यांनी मग पुन्हा, श्वास सांभाळून, पुरं केलं.

बाहेर आल्यावर प्रकाशराव मला म्हणाले, “मामा, आता कसला राग धरू? देवाच्या दरबारात मीच सही केली. सुजाची पिशवी गाडीला अडकवलीय, ती घ्या.”

पिशवी! म्हणजे माणूस पोरीचे कपडे भरूनच आला होता. गाऱ्हाणं झालं असतं, नसतं, तिला ठेवायची ठरवूनच निघाला होता. नुसता थोडा मान हवा होता त्याला. ती पिशवी मी घरापर्यंत कुणाला धरू दिली नाही.

इथे थांबावं ना माणसानं? शहाणा असता तर थांबला असता. तुम्ही थांबला असतात.

देवळातलं ते सगळं पोरांनी फोनवर घेतलं होतं. ते इंटरनेटवर गेलं. आता नुसतं वाक्य राहिलं नाही. आता वाक्य आणि खाली ‘व्हय म्हाराजा!’ अशी जोडी झाली. कोल्हापूरकडची, नागपूरकडची, कधी गाऱ्हाणं न बघितलेली माणसंही ‘व्हय म्हाराजा’ लिहायला लागली. प्रकाशरावांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उलट कारखान्यात कुणी वाढायला आलं की ते ताट पुढे करायचे.

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नात झाली. गोरीपान, मुठी आवळलेली. मी पाळण्याची दोरी ओढायचो आणि मनात येई, ही मोठी होईल, वाचायला लागेल, आणि इंटरनेटवर काय वाचेल? आपल्या आज्यानं आपल्या बाबांचं हसं केलं! हे मिटवायला हवं. एकदाचं, कायमचं.

म्हणून मी कुणाला न सांगता रत्नागिरीत सायबर कॅफेत गेलो. तिथे एक बाई बसायच्या. म्हटलं, “बाई, मला खुलासा लिहायचाय. मी सांगतो, तुम्ही लिहा.”

“सांगा काका.”

मी सांगायला लागलो. बिचाऱ्या बाई! एकेका शब्दाच्या मधे त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊन यायच्या. शेवटी झालं एकदाचं. ‘मी बापू. ते वाक्य मी बोललेलो नाही. वीज गेली होती. आमचे जावई कष्टाळू आहेत आणि मनानं मोठे आहेत. कृपा करून त्यांना हसू नये. आपला नम्र.’

बाईंनी विचारलं, “पाठवू?”

“पाठवा,” मी म्हटलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! घरी येऊन नातीला सांगितलं, “मिटवून आलो गं.” तिनं जांभई दिली.

काही दिवसांनी पुन्हा गेलो. बाई मला बघून हसायलाच लागल्या. “काका, या, बसा. बघा तुमचं काय झालंय.”

मी चष्मा लावला. माझा खुलासा होता, नीट, जसाच्या तसा. आणि त्याच्या खाली एकाच्या खाली एक, ‘व्हय म्हाराजा!’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘व्हय म्हाराजा!’ मुंबई, पुणे, दुबई, मस्कत. बाई खाली खाली सरकवत होत्या आणि ते संपेना. अहो, जी माणसं ते वाक्य विसरली होती, ती माझा खुलासा वाचून पुन्हा गोळा झाली होती!

मधेच एक मजकूर जरा वेगळा होता. बोट ठेवून अक्षर अक्षर वाचला.

‘मामा, मी प्रकाश. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवरून लिहितोय. माझं काही म्हणणं नाही, माझा राग नाही, माझा मान भरपूर झाला. फक्त एक विनंती, हात जोडून. यापुढे तुम्ही माझी बाजू घेऊ नका.’

आणि त्याच्या खाली काय होतं, सांगायला हवं का? जगभरची माणसं ओळीनं माझ्या जावयाला ओ देत होती. मी वाचत गेलो, वाचत गेलो, आणि कधी हात जोडले गेले कळलंच नाही. भर कॅफेत, मोठ्यानं, माझ्याही तोंडातून निघालं, “व्हय म्हाराजा!”